केनोजुआक यांचा माहितीपट: कागदाआधीची गोष्ट

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने केनोजुआक अशेवाक या इन्युइट, म्हणजे उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशातल्या मूळ रहिवासी समाजातल्या, चित्रकर्तीवर सुमारे २० मिनिटांचा माहितीपट काढला. दिग्दर्शक होते जॉन फीनी. या माहितीपटाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. मूळ नावात ‘एस्किमो’ हा शब्द होता. तो आता तिथल्या लोकांना नकोसा वाटतो, आणि तेच योग्य आहे.

माहितीपट पाहताना वाटतं, या बाईच्या हातात पेन्सिल जन्मापासूनच असावी. तसं मुळीच नव्हतं. १९२७ मध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या बॅफिन बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर, बर्फाच्या घरात जन्मलेल्या केनोजुआक यांच्या हाताला आधी सुई आली. सीलचं कातडं कापायचं, त्याचे आकार दुसऱ्या कातड्यावर शिवायचे, हे बायकांचं रोजचं काम. पुढे क्षयामुळे १९५२ ते १९५५ अशी तीन वर्षं त्यांना घरापासून दूर, क्विबेक शहरातल्या रुग्णालयात काढावी लागली. तिथे त्या बाहुल्या आणि मण्यांचं काम शिकल्या.

इकडे दुसऱ्या महायुद्धानंतर ध्रुवीय कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळले होते आणि फासे लावून पोट भरणाऱ्या कुटुंबांच्या हाती पैसा उरला नव्हता. इन्युइट कोरीवकामाला दक्षिण कॅनडात गिऱ्हाईक मिळवून देणारे जेम्स ह्यूस्टन बॅफिन बेटावरच्या केप डॉर्सेट या वस्तीत सरकारी अधिकारी म्हणून आले, आणि १९५७ मध्ये तिथे छापचित्रांचे प्रयोग सुरू झाले. पुढच्याच वर्षी ह्यूस्टन जपानला जाऊन उन्इची हिरात्सुका या छापचित्रकाराकडे लाकडी ठशांची छपाई शिकून आले. केप डॉर्सेटला लाकूड कुठलं? ठसे दगडातच कोरले गेले. चित्र एकाचं, कोरणारा दुसरा, अशी कामाची वाटणी तिथे रुजली.

केनोजुआक यांचं १९५९ चं पहिलं छापचित्र, समुद्रशेवाळ खाणारा ससा, त्यांच्याच कातडी पिशवीवरच्या नक्षीतून आलं. म्हणूनच मला त्यांच्या रेषेत चित्रकलेच्या शाळेपेक्षा कात्रीची धार जास्त दिसते. १९६० मधलं ‘मंतरलेलं घुबड’ बघा: पिसं शरीरातून किरणांसारखी फुटतात, तरी कडा कुठेच विरत नाही. हेच घुबड १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं.

माहितीपटाच्या पैशांतून केनोजुआक यांचे पती जॉनीबो यांनी होडी घेतली आणि ते स्वतःच्या होडीतून शिकारीला जाऊ लागले.