क्रेनला लटकलेले १२९ टन

७ जानेवारी २०११ रोजी वेल्समधल्या न्यूपोर्ट बंदरात काही कोरी डिझेल इंजिने जहाजातून उतरवली जात होती. ब्रिटनच्या फ्रेटलायनर या मालवाहतूक कंपनीने ती अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून घेतली होती. क्लास ७० हा त्यांचा प्रकार, पेन्सिल्व्हेनियातल्या इरी शहरात बांधलेला. त्यातले ७००१२ क्रमांकाचे इंजिन वर उचलले गेले आणि उचलण्याच्या सामग्रीने दगा दिला. सुमारे ४ मीटर खाली, जहाजाच्या पोटातच ते परत आदळले. एकही मालगाडी न ओढता त्याची रवानगी पुन्हा इरीला झाली.

४ मीटर म्हणजे एका मजल्याहून थोडे जास्त. एवढ्याशा पडण्याने १२९ टनांचे पोलादी धूड निकामी कसे होते, हे आकडे मांडल्यावरच पटते. या पडण्यातली ऊर्जा सुमारे ५० लाख ज्यूल, म्हणजे घरच्या विजेच्या हिशेबात जेमतेम दीड युनिट. जमिनीला टेकतानाचा वेगही ताशी ३२ किलोमीटरच. घात होतो तो थांबण्यात. समजा, आदळल्यावर इंजिन १० सेंटीमीटर अंतरात थांबले, तर त्या क्षणी सरासरी बल त्याच्या वजनाच्या चाळीसपट, म्हणजे सुमारे ५,००० टन वजनाएवढे भरते. युरोपात इंजिनाची चौकट लांबीच्या दिशेने सुमारे २०० टनांचा दाब सोसेल अशी बांधतात, कारण गाडी ओढताना आणि डबे जोडताना जोर त्याच दिशेने येतो. खालून वर असा हजारो टनांचा तडाखा बसेल, हे तिच्या रचनेत गृहीतच नसते.

उचलण्याचे गणितही दिसते तेवढे सरळ नाही. इंजिन दोन दोरांवर तोलले आणि दोन्ही दोर उभे असले, तर प्रत्येकावर ६४.५ टन येतात. तेच दोर तिरके होऊन आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करू लागले, की प्रत्येकावर पुरते १२९ टन! वजन तेच, पण ताण दुप्पट. शिवाय तिरके दोर इंजिनाला दोन्ही बाजूंनी आत दाबतात, आणि या कोनाला तो दाब ११० टनांच्या वर जातो. म्हणून इंजिनाच्या वर एक आडवी मजबूत तुळई ठेवून दोर तिच्यापासून सरळ खाली सोडतात.

चार दोर लावले म्हणजे ताण चौथाईवर आला, असे वाटते. तसे होतेच असे नाही. खडबडीत फरशीवरचे टेबल जसे समोरासमोरच्या दोन पायांवर डुगडुगते, तसाच चार दोरांतला एखादा किंचित लांब निघाला, तर बहुतेक सगळा भार कर्णावरच्या दोघांवर येतो. त्यात इंजिनाचा गुरुत्वमध्य, म्हणजे ज्या बिंदूवर त्याचे सगळे वजन तोलले जाते तो, बरोबर मधोमध नसतो. मोटर, वीज तयार करणारा अल्टरनेटर, इंधनाची टाकी यांची मांडणी जशी, तसा तो सरकतो. क्रेनचा हूक त्याच्या नेमका वर नसेल, तर धूड हवेत उचलले जाताच कलते.

जहाजाच्या स्वतःच्या क्रेनने उचलायचे तर आणखी एक पेच. भार तळावरून सुटला, की त्याचे सगळे वजन क्रेनच्या टोकाला लागू होते. हात २० मीटर बाहेर काढला, तर जहाजाला एका कुशीवर पाडू पाहणारा जोर अडीच हजार टन-मीटरच्या (वजन गुणिले अंतर) घरात जातो. तोल सावरायला दुसऱ्या बाजूच्या टाक्यांत पाणी भरावे लागते, तेही हळूहळू, उचलण्याच्या वेगाशी मेळ घालून. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीची इंजिनेही इंग्लंडहून जहाजानेच मुंबईत आली होती. ती आजच्या मानाने कितीतरी हलकी, पण वाफेच्या त्या काळात ती सुखरूप धक्क्यावर उतरवणाऱ्यांचे मला मनापासून कौतुक वाटते.

पडलेल्या इंजिनात सगळ्यात धास्तीचे असते ते डोळ्यांना न दिसणारे. या इंजिनात सोळा सिलिंडरांचे, २,७५० किलोवॅटचे डिझेल यंत्र आणि त्याला जोडलेला अल्टरनेटर एकाच चौकटीवर बसतात. दोघांचे अक्ष मिलीमीटरच्या अंशाइतके अचूक जुळावे लागतात. चौकटीला बारीकसा पीळ बसला, तरी यंत्र सुरू होईल, चालेलही, पण बेअरिंगे लवकर झिजतील आणि क्रँकशाफ्टवर, म्हणजे यंत्राच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, दर फेऱ्याला वाकवणारा ताण येत राहील. चाकांवरचे वजनही सारखे वाटले जाणार नाही. जोडांच्या वेल्डिंगमध्ये केसासारख्या भेगा असतील, तर त्या वरचा रंग शाबूत असूनही आत वाढत राहतील. म्हणून अशा इंजिनाची चौकट मोकळी करून तिची सरळता मापावी लागते आणि एकेक वेल्ड ध्वनिलहरींनी तपासावा लागतो. हे काम गोदीच्या धक्क्यावर होण्यासारखे नाही. चौकट जिथे बांधली गेली, तिथेच त्याची खात्री करून घेता येते.