‘आई-बाप भारतीय, म्हणजे बाळ आपोआप भारतीय’: खुलासा
दुबई-मस्कतला बाळ झालं की सल्ला ठरलेला: ‘दोघं भारतीय ना, मग घाई कसली? गावी नगरपालिकेत नोंद करा.’ असं थांबू नका.
३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या बाळाला वंशाने नागरिकत्व मिळायचं, तर जन्माची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत व्हावी लागते; नंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असंही लिहून द्यावं लागतं. अमेरिकेत आधी तिथला पासपोर्ट काढणाऱ्यांचं इथेच अडतं.
कायमचं परतल्यावर ६० दिवसांत होणारी नोंद फक्त जन्माची असते, नागरिकत्वाची नव्हे.
दवाखान्यातच आईचं नाव पासपोर्टप्रमाणे लिहून घ्या: पासपोर्टवर माहेरचं ‘जोशी’ आणि दाखल्यावर ‘कुलकर्णी’ आलं, की दुरुस्तीतच महिने जातात.