इसेन्शियल ऑईल आणि ध्यान

इसेन्शियल ऑईल म्हणजे झाडाच्या पानाफुलांतून, सालीतून नाहीतर मुळांतून, बहुतेक वेळा वाफेवर काढलेलं, उघडं ठेवलं की उडून जाणारं वासाचं तेल. मराठी पुस्तकांत याला बाष्पनशील तेल म्हणतात, पण दुकानात जाऊन तसं मागितलं तर दुकानदार तोंडाकडे बघत बसेल. नावातलं इसेन्शियल म्हणजे गरजेचं असं नाही हां, ते इसेन्स म्हणजे अर्क यावरून आलंय. ठाणे नवी मुंबईत हल्ली डिफ्युझरमध्ये, म्हणजे हवेत वास पसरवणाऱ्या यंत्रात, चार थेंब लॅव्हेंडर टाकायचं, डोळे मिटून वीस मिनिटं बसायचं आणि याने इम्युनिटी वाढते म्हणायचं हे बरंच रुळलंय, कोविडनंतर तर जास्तच.

अरोमाथेरपी हे नाव रेने-मोरिस गातफोसे या फ्रेंच केमिस्टने दिलं, त्याचं त्याच नावाचं पुस्तक १९३७ चं. वस्तू मात्र आपल्या घरातलीच. ओवा तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधतात आणि सर्दी झालेल्या पोराला हुंगायला देतात, त्यातला तो झणका ओव्याच्या तेलातल्या थायमॉल या घटकाचा. गवती चहाचा लिंबासारखा वास सिट्रालचा, नीलगिरीचा सिनिओलचा. आणि अमृतधारा घरी बनवून बघाच, ओव्याचं फूल (म्हणजे थायमॉल), पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉल) आणि कापूर, तिन्ही कोरडे खडे, एका बाटलीत टाकून हलवले की पाण्याचा एक थेंब न घालता त्यांचं पातळ तेल होतं, लहानपणी मला ती जादूच वाटायची.

वासाने मूड लगेच बदलतो याला कारण आहे. बाकीच्या संवेदना मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या वाटप केंद्राकडे जातात, वास मात्र तिथे न थांबता थेट भावना आणि आठवणींच्या भागांत पोचतो, म्हणून वाळ्याचा वास आला की आजोळचा माठ आठवतो. पण मूड आणि इम्युनिटी एक नव्हे. अमेरिकेत ओहायोमध्ये ५६ लोकांना लिंबाचं आणि लॅव्हेंडरचं तेल हुंगायला देऊन तपासलं होतं, निष्कर्ष २००८ मध्ये आले, लिंबाने मूड सुधारला, इम्युनिटी मात्र दोन्ही तेलांनी वाढलेली दिसली नाही.

ध्यानाची बाजू जरा बरी आहे. रिचर्ड डेव्हिडसन आणि जॉन कबाट-झिन या अमेरिकन संशोधकांच्या २००३ च्या अभ्यासात आठ आठवडे ध्यान शिकलेल्या २५ जणांना शेवटी फ्लूची लस दिली, तर न शिकलेल्यांपेक्षा त्यांच्यात अँटीबॉडी जास्त वाढल्या. अभ्यास छोटा आहे, त्यावरून कोणी आजार टळण्याची गॅरंटी देत असेल तर सरळ उठून यावं. गंमत म्हणजे बेलापूरला पारसिक हिलवर धम्म विपुल केंद्र आहे, तिथल्या दहा दिवसांच्या विपश्यनेत उदबत्ती नाही की अत्तर नाही, आधी नुसता श्वास बघायचा, मग अंगावरच्या संवेदना. म्हणजे ध्यानाला तेल लागतच नाही. फायदा असलाच तर सवयीचा, रोज तोच वास आला की आता बसायचंय हे मनाला कळतं, आणि तेवढ्यासाठी महागडी बाटलीच हवी असं नाही, घरात दरवळणारी मोगऱ्याची चार फुलंही चालतात.

वापरताना तेल कधीही थेट अंगाला लावू नये, ३० मिली खोबरेल किंवा तिळाच्या तेलात ६ थेंब म्हणजे साधारण १ टक्का, तेवढं पुरतं. लिंबाचं दाबून काढलेलं तेल लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते. दम्याच्या माणसाला डिफ्युझरचा त्रास होऊ शकतो, आणि पावसाळ्यात आपण खिडक्या बंद करून बसतो तेव्हा जास्तच. नीलगिरी किंवा कापराचं तेल पोरांच्या हाताला लागेल असं ठेवूच नये, चमचाभर पोटात गेलं तरी झटके येऊ शकतात. वाफाऱ्यात एकदोन थेंब बास, माझ्याकडून एकदा बाटलीचं बूच निसटून अर्धी बाटली पातेल्यात गेली, डोक्यावर टॉवेल तसाच, डोळे इतके झोंबले की बेसिन कुठेय तेही दिसेना. घरात मांजर असेल तर टी ट्री नावाचं तेल आणूच नका, तिच्या लिव्हरला ते पचत नाही आणि अंगावर सांडलं की ती चाटणारच.