ग्लुकोज वक्र, मांजरांतील

इन्शुलिन चालू असलेल्या मधुमेही मांजराची रक्तशर्करा दिवसभरात कशी चढते-उतरते, हे दाखवणारा आलेख. एका इंजेक्शनपासून पुढच्या इंजेक्शनपर्यंत, म्हणजे साधारण १२ तास, दर दोन तासांनी रक्ताचा थेंब तपासून तो काढतात. थेंब बहुधा कानाच्या कडेच्या शिरेतून घेतात.

वक्रात सर्वांत मोलाचा असतो तो नीचांक, म्हणजे दिवसभरातले सर्वांत खालचे माप, आणि तो इंजेक्शननंतर किती वेळाने आला ही बाब. नीचांक साधारण ८० ते १५० मिग्रॅ./डेलि. या टप्प्यात असावा, असे पशुवैद्य धरतात. मांजराच्या लघवीत साखर उतरू लागते ती रक्तातली पातळी २५०-३०० च्या आसपास गेल्यावर. त्यामुळे दिवसाचा बराचसा वेळ शर्करा त्याखाली राहिली, तरी तहान आणि लघवी आटोक्यात येते. माणसाइतकी काटेकोर पातळी गाठण्याचा अट्टाहास मांजरात उलटू शकतो.

इंजेक्शनपूर्वीचे एकच माप पाहून डोस ठरवणे ही नेहमीची चूक. सकाळी ४०० दिसले की डोस कमी पडला असे वाटते. पण इन्शुलिनचा अंमल आठ तासांतच ओसरत असेल, तरी सकाळी ४००च दिसेल. तिसरी शक्यता अमेरिकेत काम केलेले हंगेरियन जीवरसायनतज्ज्ञ मायकेल सोमोग्यी यांनी १९३०च्या दशकात माणसांबाबत मांडली : शर्करा फार खाली गेली की शरीर ग्लुकागॉन, ॲड्रेनलिन ही संप्रेरके सोडते, यकृत साठवलेली साखर बाहेर टाकते आणि पातळी उसळते. ग्लार्जिन हे दीर्घकाळ अंमल टिकणारे इन्शुलिन घेणाऱ्या मांजरांत अशी उसळी क्वचितच सिद्ध होते. तरी नीचांक न पाहता डोस वाढवू नये, हे पथ्य कायम आहे.

दवाखान्यातला वक्र फसवा असतो. टोपलीत कोंबून आणलेल्या, घाबरलेल्या मांजराची शर्करा मधुमेह नसतानाही ३०० पलीकडे जाऊ शकते. म्हणून घरचा वक्र अधिक भरवशाचा. शंका असल्यास फ्रुक्टोसामीनची तपासणी करतात. तीत मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते, भीतीचा तेवढ्यापुरता चढ तीत उमटत नाही. घरीही तोच डोस, तेच खाणे असताना दोन दिवसांचे वक्र जुळत नाहीत. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराचे माप बहुधा कमी दाखवतो, कारण मांजराच्या रक्तातले ग्लुकोज जवळजवळ सगळे प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) असते, तांबड्या पेशींत फारसे नसते.

वक्र अचानक खोल गेला तर आधी सिरिंज पाहावी. भारतात लाल टोपणाची सिरिंज ४० युनिट/मिलि. इन्शुलिनसाठी, नारिंगी टोपणाची १०० युनिट/मिलि.साठी असते. १०० युनिटवाले ग्लार्जिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २ च्या रेघेपर्यंत भरले, तर मांजराला पाच युनिट जातात! शर्करा ६० खाली गेली, मांजर झोकांड्या खाऊ लागले किंवा त्याला झटके आले, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून तडक दवाखाना गाठावा. बेशुद्ध जनावराच्या घशात काही ओतू नये.

डोस तोच असताना आठवडोन्‌आठवडे नीचांक खाली सरकत असेल, तर स्वादुपिंड पुन्हा काम करू लागल्याची ती खूण असू शकते. निदान लवकर झालेल्या आणि कमी कर्बोदकांचा आहार मिळणाऱ्या काही मांजरांचे इन्शुलिन अशा वेळी पायरीपायरीने बंद करता येते.