घर की धंदा? इंग्लंडमधल्या हॉलिडे कॉटेजची पार्श्वभूमी

कॉट्सवोल्ड्समधलं दगडी कॉटेज किंवा लेक डिस्ट्रिक्टमधलं तळ्याकाठचं घर आठवडाभरासाठी भाड्याने मिळणं आता सोपं आहे. सरकारदरबारी मात्र त्या वास्तूला काय म्हणायचं, याचा घोळ अजून संपलेला नाही.

१८४७ मध्ये लेक डिस्ट्रिक्टमधल्या विंडरमिअर तळ्याजवळ रेल्वे पोहोचली आणि शहरी माणूस डोंगरात येऊ लागला. पण माळरानं बहुतेक जमीनदारांची, शिकारीसाठी राखलेली. १९३२ मध्ये शेकडो कामगार पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउट या माळरानावर मुद्दाम घुसले. काहींना तुरुंगवास झाला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट पहिलं राष्ट्रीय उद्यान ठरलं. हे तिकीट काढून आत जायचं अभयारण्य नव्हे. जमीन बहुतांशी खासगीच राहिली. आत गावं, शेतं, पब सगळं आहे. बांधकामावर मात्र कडक निर्बंध. त्यामुळे पाहुणे वाढले, पण घरं त्या प्रमाणात वाढली नाहीत.

२००१ मध्ये लाळ्या-खुरकूत पसरला, पायवाटा बंद झाल्या आणि पर्यटनाला शेतीपेक्षाही मोठा फटका बसला. खेडी कोणाच्या पैशावर चालतात, हे तेव्हा उघड झालं.

खरा वाद कराचा. राहत्या घराला कौन्सिल टॅक्स, म्हणजे स्थानिक घरपट्टी लागते, व्यवसायाच्या जागेला बिझनेस रेट्स. कॉटेज वर्षाला १४० रात्री भाड्याने उपलब्ध ठेवायचा इरादा आहे एवढं सांगितलं की ते व्यवसायात गणलं जाई. मग करासाठी धरलेलं वार्षिक भाडेमूल्य १२,००० पौंडांपर्यंत असेल तर छोट्या व्यवसायाची सवलत मिळून कर शून्य! पाहुणा एकही न आला तरी चालत असे. म्हणजे सुट्टीत स्वतःच येऊन राहणारा शहरी मालक कागदावर व्यावसायिक, आणि शेजारचा गावकरी पूर्ण कर भरणारा.

एप्रिल २०२३ पासून इंग्लंडमध्ये अट बदलली: १४० रात्री उपलब्ध हवंच, शिवाय वर्षात किमान ७० रात्री प्रत्यक्ष भाड्याने गेलेलं हवं. आडवळणाच्या जागी हिवाळ्यात कोण येणार, अशी ओरड झाली. तिच्यात तथ्य नाही असं नाही. गोठ्याच्या खोल्या करून चार पैसे जोडणारा शेतकरीही या चाळणीत अडकू शकतो. पण ७० रात्री म्हणजे आठवड्याला दीड रात्रही भरत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये आणखी दोन घाव बसले. दुसऱ्या घरावर दुप्पट कौन्सिल टॅक्स लावायची मुभा स्थानिक कौन्सिलांना मिळाली, आणि सुसज्ज हॉलिडे घरांना १९८०च्या दशकापासून मिळणारी आयकरातली खास वागणूक संपली. राहतं घर पर्यटकांसाठी वळवायला वेगळी परवानगी लागावी, असा प्रस्ताव फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाला होता; जुलैमध्ये सरकारच बदललं.