जिभेचं कातडं कमावणारी वाइन

रेड वाइनच्या पहिल्या घोटाला जीभ कोरडी पडली की लोक म्हणतात, "फार कडक आहे, अल्कोहोल जास्त असणार." अल्कोहोल असेलही जास्त, पण कोरडेपणाचं खापर मुख्यतः फोडायचं ते टॅनिनवर, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून वाइनमध्ये उतरणाऱ्या तुरट द्रव्यावर. आणि टॅनिनचा इंगा बघायचा तर साग्रान्तिनो ही इटालियन वाइनच बघावी.

इटलीच्या मधोमध, समुद्रकिनारा नसलेला उंब्रिया प्रांत आहे. तिथे मोंतेफाल्को या टेकडीवरच्या गावाभोवती साग्रान्तिनो जातीची काळी द्राक्षं पिकतात. जगातल्या सर्वाधिक टॅनिनवाल्या जातींत तिची गणना होते. पूर्वी ही द्राक्षं सुकवून गोड वाइन करत आणि ईस्टरला कोकराच्या मांसाबरोबर पीत. साखरेने तुरटपणा झाकला जाई. बिनगोडीची साग्रान्तिनो रुळली ती १९७०च्या दशकापासून. १९९२ साली तिला इटलीचा सर्वोच्च दर्जा मिळाला. आज ती किमान ३७ महिने, त्यातले १२ लाकडी पिंपात मुरवल्याशिवाय विकता येत नाही.

आता तोंडात काय घडतं ते पाहू. लाळेतल्या काही प्रथिनांत प्रोलीन हे अमिनो आम्ल ठासून भरलेलं असतं. प्रोलीनच्या पंचकोनी कड्यामुळे प्रथिनाच्या साखळीची नीट घडी बसत नाही, ती सैल पसरलेली राहते. टॅनिनला चिकटायला मोकळं रान! टॅनिन म्हणजे कॅटेचिनसारख्या रेणूंची माळ. तिच्यातली सपाट कडी प्रोलीनच्या कड्यांवर टेकतात आणि तिच्यातले हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) हायड्रोजन बंधांनी पकड घट्ट करतात. माळ लांब असली तर एकाच टॅनिनला दोन-तीन प्रथिनं अडकतात, त्यांना आणखी टॅनिन, असं करत जाळं विणलं जातं आणि त्याचा साका होतो. वाइन तोंडात घोळवून पांढऱ्या बेसिनमध्ये थुंकून पाहा, जांभळट तंतू दिसतील. लाळेतलं वंगण गेलं की जीभ टाळूला घासते. आयुर्वेदाने तुरट हा सहावा रस मानला. आजचे बरेच संशोधक मात्र त्याला चवीपेक्षा स्पर्शाच्या खात्यात टाकतात.

कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांतलं टॅनिन वापरून कमावतात, तिथेही रसायनशास्त्र हेच. कातड्यातलं कोलॅजेन हे प्रथिनही प्रोलीनने भरलेलं असतं.

म्हणून मोंतेफाल्कोत या वाइनसोबत येतं कोकरू, रानडुक्कर, मेंढीच्या दुधाचं जुनं पेकोरिनो चीज. मांसातली आणि चीजमधली प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात, लाळेवरचा मारा कमी होतो. उलट चरबीचा ओशटपणा टॅनिन खरवडून काढतं. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सुकवलेलं मांस खायला देऊन मध्ये मध्ये चहा दिला. साध्या पाण्यापेक्षा चहाने ओशटपणा जास्त उतरला. मांसाविना तुरट पेयाचे घोट घेत राहिलं, तर तुरटपणा घोटागणिक चढत जातो. साग्रान्तिनो नुसती पिणाऱ्याची फजिती होते ती यामुळेच.

याच टॅनिनच्या नावाने "रोज एक पेला, हृदय ठणठणीत" असं ज्ञान व्हॉट्सअॅपवर फिरत असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. चपलेचं कातडं टिकतं म्हणून हृदयही टिकेल, असा हिशेब नसतो.

मटण चालतं तर तांबडा रस्सा का नको, असं कोणी विचारेल. प्रथिनं आहेत, तवंगही आहे, पण मिरची आडवी येते. मिरचीतलं कॅप्सायसिन हे तिखट द्रव्य तोंडातल्या ज्या रिसेप्टरला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवून जाळ उठवतं, तोच रिसेप्टर अल्कोहोलने जास्त हळवा होतो. साग्रान्तिनोत अल्कोहोल चौदा-पंधरा टक्के. त्यात टॅनिनने लाळेचं वंगणही काढून घेतलेलं. रश्श्याबरोबर सोलकढीच घ्या.