मान्यतेआधीचा झेंडा : बांगलादेशाने १९७१मध्ये जगाला कशी साद घातली

पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, बंगालींच्या भाषा आंदोलनापासून १९७०च्या निवडणुकीपर्यंतचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. २५ मार्च १९७१च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी लष्कर उतरले आणि परदेशी पत्रकारांना देशाबाहेर काढण्यात आले. कत्तल सुरू होती, पण ती जगाला सांगणार कोण?

म्हणूनच १७ एप्रिलला मेहेरपूरजवळच्या आमराईत झालेला बांगलादेशाच्या हंगामी सरकारचा शपथविधी पाहायला कोलकात्याहून पत्रकार नेले गेले. दुसऱ्याच दिवशी कोलकात्यातल्या पाकिस्तानी उपउच्चायुक्तालयातले बंगाली अधिकारी फुटले आणि इमारतीवर नवा झेंडा चढला. जूनमध्ये कराचीतल्या एका पत्रकाराने कुटुंबासह देश सोडून लंडनच्या वृत्तपत्रात सगळे छापले. गोमंतकीय घराण्यातला हा माणूस बेळगावात जन्मला होता. २९ जुलैला हंगामी सरकारची आठ टपाल तिकिटे निघाली. त्यांतल्या एकावर ढाका विद्यापीठातल्या हत्याकांडाचा उल्लेख होता.

खरी कसोटी लागली ती पश्चिम बंगालमधल्या कृष्णनगरच्या मैदानावर. २५ जुलैला निर्वासित खेळाडूंचा फुटबॉल संघ नदिया जिल्ह्याच्या संघाशी खेळणार होता. झेंडा आणि राष्ट्रगीताशिवाय उतरणार नाही, असे खेळाडूंनी ठणकावले. प्रेक्षक खोळंबले होते. अखेर जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि झेंडा फडकला. भारताने तोवर बांगलादेशाला मान्यता दिलेली नव्हती. जिल्हाधिकारी निलंबित झाले, जिल्हा संघटनेवरही कारवाई झाली. कोलकात्यातला झेंडा फुटलेल्या अधिकाऱ्यांनी आपल्याच कचेरीवर लावला होता. इथे मात्र भारतीय अधिकाऱ्याची संमती होती, म्हणजे तो मान्यतेचा संकेत ठरू शकत होता. दिल्लीची ही अडचण खरीच होती. तरीही शिक्षा अन्यायाचीच वाटते. त्या दुपारी त्या अधिकाऱ्याने जे केले, तेच भारताने ६ डिसेंबरला केले. मधल्या काळात कोलकात्याच्या एका नामवंत क्लबला या संघाशी वेगळ्या नावाने खेळावे लागले. मुंबईतल्या सामन्यात मात्र भारतीय क्रिकेट संघाचा माजी कर्णधार महाराष्ट्राच्या बाजूने उतरला.

डिसेंबरातले भारत-पाकिस्तान युद्ध संपले तरी जगाची मान्यता मिळवण्याचे काम संपले नाही. १९७२मध्ये संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व चीनच्या नकाराधिकाराने अडले. ते सप्टेंबर १९७४मध्ये मिळाले. २०१७मध्ये ढाक्याच्या संसदेने २५ मार्च हा वंशसंहार दिन ठरवला. त्या हत्याकांडाला संयुक्त राष्ट्रांनी वंशसंहार म्हणावे, ही मागणी अजून मान्य झालेली नाही.